उशाशी ठेवलेला आवाज

सोमवार

शाळेत कविता म्हणताना आमचे मास्तर डस्टरने टेबलावर ताल धरायचे. ठक्, ठक्, आणि मग एक रिकामी जागा. त्या जागेत सगळा वर्ग श्वास घ्यायचा. आज या मानसोपचार केंद्राच्या पायऱ्या चढताना माझ्या काठीने नेमका तोच ताल धरला आणि मला उगाच हसू फुटलं. डॉक्टरकीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता कोण विचारतंय म्हातारबुवांना, असं वाटत असताना कामावर बोलावणं आलं.

बोलावणारा माझा चेला. मीच शिकवलेला, आता इथला प्रमुख. डॉक्टर मूठभर आणि रुग्ण ढीगभर, तेव्हा यंत्रांनी रुग्णांशी बोलायला काय हरकत आहे, असं त्याचं मत. मागच्या परिषदेत मी त्याला विचारलं होतं की यंत्राला कान लावशील, डोळे कुठून आणशील? सभागृह हसलं, तोही हसला. आज म्हणाला, तिथे झोडपलंत ना सर, आता इथे राहून रुग्ण सांभाळून दाखवा. जो हरेल त्याने चहा पाजायचा.

मला दिलेली खोली प्रसन्न आहे. खिडकीशी टेबल, बाहेर एक वाकडं झाड, पलंगाच्या उशाशी भिंतीत छोटीशी जाळी. सिस्टर म्हणाली, सूचना द्यायला आहे ती.

मंगळवार

पहिलेच रुग्ण निवृत्त पोस्टमास्तर. मोठे गमतीदार. म्हणाले, जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, आता माझाच पत्ता सापडत नाही. त्यांचं मन कधी आभाळात असतं, कधी तळघरात. गोळ्यांनी ताळ्यावर राहतं.

माझी रीत जुनीच. माणसाचे शेवटचे शब्द हलकेच पुन्हा म्हणायचे आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत गप्प राहायचं. पुढे जाऊ द्यायचं की हात धरून थांबवायचं, ते चेहरा सांगतो. ते म्हणाले, इथलं जेवण सपक आहे. मी म्हटलं, सपक. आणि पोस्टमास्तर रडायला लागले. मग बायकोबद्दल बोलले, मुलांबद्दल बोलले. जाताना मान खाली घालून, पण हलके होऊन गेले.

बुधवार

पोस्टमास्तर म्हणाले, काल दुपारी तुमच्याशी बोलून फार बरं वाटलं. काल दुपारी मी चष्म्याची काडी बसवून घ्यायला बाजारात गेलो होतो. विसरले असतील बिचारे. पण सिस्टरही म्हणाली, सर, दिवसभर बोलून तुमचा घसा बसत कसा नाही?

गुरुवार

पोस्टमास्तरांच्या दारावरून जात होतो. आत मी बोलत होतो.

तीच लय, तोच थांबा. पोस्टमास्तर डोळे मिटून पडलेले आणि उशाशी माझ्या खोलीतल्यासारखीच जाळी.

चेल्याला जाब विचारला. जराही गडबडला नाही. म्हणाला, विद्यार्थ्यांसाठी म्हणून तुमची व्याख्यानं ध्वनिमुद्रित केली तेव्हा तुम्हीच हो म्हणालात ना? यंत्र त्यावरूनच शिकलं. लोकांना तुमचा आवाज हवाय सर, गुडघे नकोत. चहा तुमच्याकडे लागला.

मग मला इथे आणलंस कशाला, विचारलं. नुसता हसला. माझं मलाच कळलं. सकाळी रुग्णांनी माझा चेहरा बघायचा, म्हणजे उरलेला दिवस भिंतीवर विश्वास बसतो.

शुक्रवार

आज भिंत एका मुलीला माझ्या बायकोची गोष्ट सांगत होती. शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती, वेणी घालून देताना मला दादा म्हणायची, ती गोष्ट. हे मी एकाच माणसापाशी बोललो होतो. ती गेल्यावर, दार लावून, ओक्साबोक्शी रडत. त्या खोलीत डॉक्टर माझा चेला होता आणि रुग्ण मी.

रुग्णाचं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही. त्याला दिलेला पहिला धडा.

शनिवार

पोस्टमास्तरांनी जिन्यावरून खाली उडी घेतली. आपण उडू शकतो असं ओरडत. मोठ्या रुग्णालयात नेलंय.

गोळ्या थुंकत होते, सिस्टर म्हणाली. भिंतीला ते म्हणाले होते, गोळ्या बंद कराव्यात म्हणतो. भिंत म्हणाली, बंद कराव्यात. आणि थांबली. मी असतो तर तो चेहरा बघून तिथल्या तिथे मनगट धरलं असतं. त्यांना वाटलं, डॉक्टर हो म्हणाले.

नेताना माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्हीच सांगितलंत ना सर.

रविवार

पोस्टमास्तरांच्या घरचे आले. चेल्याने सर्वांना ते बोलणं ऐकवलं. आवाज माझाच. मग हळुवारपणे म्हणाला, सरांचं वय झालंय, काय बोललो ते राहत नाही लक्षात, चूक माझी, त्यांना कामाला लावलं. मी उभा राहिलो. म्हटलं, माझा आवाज चोरून यांनी भिंतीत ठेवलाय —

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

असं म्हणणारी माणसं मी जन्मभर तपासली. पुढे काय निदान लिहितात ते मला —

सोमवार

दाराला बाहेरून कडी.

सिस्टरने गोळी आणली. घ्या आजोबा, म्हणाली. परवापर्यंत सर होतो.

भिंतीशी बोलायचं नाही. तीच बोलते. झोप लागते का, विचारते. माझ्याच आवाजात. न राहवून म्हटलं, मला घरी जायचंय. घरी जायचंय, ती म्हणाली. आणि गप्प. किती प्रेमाने —

मंगळवार

चमच्याने जाळी उचकटली. तारा तोडल्या. आता शांत.

दुपार

बाहेर पावलं. सिस्टरची नाहीत. एक पाय घासत — बायको तशी चालायची —

तिलाही मीच नेत होतो चेल्याकडे. आजारपणात. तासन्‌तास बोलायची. तिचाही आवाज त्याने —

पण जाळी माझ्या हातात आहे. तुटलेली. आवाज भिंतीतून नाही, दारापलीकडून. अहो, म्हणतेय. अहो, घरी जायचंय ना —

मी ओ दिलेली नाही. देणार नाही —

कडी सरकतेय. दाराच्या फटीत वेणीचं टोक —