निळ्या गोटीचा टवका

धारूर, १२ खुर्दाद १३३१ फसली. संध्याकाळचे सात. राळेने चिकटलेली बोटे खोबरेल लावून पुसत होतो, तशीच लेखणी घेतली.

देशमुखांच्या आठ जुन्या विलायती गोट्या आज पोचवल्या. काचेचे उडालेले टवके राळेने भरून, घासून गुळगुळीत केले होते. काम त्यांच्या लेकाने सांगितलेले. देशमुखांची स्वतःची नजर दोन वर्षांपूर्वीच गेली आहे. ओसरीवर बसून त्यांनी एकेक गोटी बोटांत फिरवली. आठवी, आत निळा पीळ असलेली, हाती येताच थांबले.

"ही माझी न्हाई बे. बदलून आणलीस?"

"न्हाई मालक, तीच हाय."

"मंग माझं नख कावून बसंना हिच्यात?"

एकदा चोरीचा आळ आला, की या गावात मला काम कोण देणार? टवका म्हणजे खोट, एवढेच मी धरून चाललो; त्यांच्या बोटांना तीच या गोटीची खूण होती. त्यांना आधी विचारले का नाही? सुई मागून घेतली, ती तापवून त्यांच्यापुढेच राळ उकरून काढली. मग त्यांनी अंगठ्याचे नख खाचेत टेकवले. बसले.

"हां, आली बघ. लई हुशारी केलती तू."

लेक हसला. मी हसलो की नाही, आठवत नाही. ते नख मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

राळ व मेण, खर्च दोन आणे. सात गोट्यांची मजुरी चौदा आणे, येणे. आठवी भरली आणि उकरलीही. तिच्यापुढे काय लिहावे?