कंडक्टरच्या तोंडचं मराठी

बाबा,

इथे जपानात कोबेला मोतोमाची स्टेशनजवळ रेल्वेपुलाखाली जुन्या वस्तूंच्या दुकानांची एक ओळ आहे. गेल्या मंगळवारी तिथे मला तुमचा कंडक्टर दिसला. मुलगी नोकरीसाठी इथे असते आणि मी तीन महिने तिच्याकडे राहायला आलोय. ती ऑफिसला आणि नात शाळेला गेली की दिवसभर मला काही काम नसतं, म्हणून मी चालत सुटतो. दुकानात एक पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्यात सत्तरच्या दशकातली इंग्लंडची साप्ताहिक कॉमिक्स उभी लावलेली होती. कुणा परदेशी म्हाताऱ्याचं घर रिकामं केलं तेव्हा ती मिळाली, असं दुकानदाराने फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं. पहिल्याच अंकावर धुकं, लाल दुमजली बस आणि पायरीवर टोपी मागे सारून उभा असलेला तो. मी एकसष्ट वर्षांचा माणूस त्या खोक्यासमोर उकिडवा बसलो आणि एकेक अंक बाहेर काढू लागलो.

तुम्ही माझगावला जहाजदुरुस्तीच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होता. इंग्लंडहून आलेलं जहाज गोदीत लागलं की खलाशांच्या केबिनमधून हे अंक निघायचे आणि फिटर लोक ते तुमच्या टेबलावर आणून टाकायचे. एकदम चार-पाच अंक, मग महिनाभर काही नाही, आणि पुढच्या गठ्ठ्यात मधले आठवडे गायब. गेल्या वेळी कड्याला लोंबकळत ठेवलेला माणूस या वेळी आरामात पाव खात बसलेला असायचा, तो वाचला कसा हे कधी कळायचंच नाही. कागद वर्तमानपत्रासारखा, रंग फक्त मुखपृष्ठावर, पिना गंजलेल्या. एका मुखपृष्ठावर चिकटपट्टीचा पिवळा चौकोन होता. तिथे भेट म्हणून शिट्टी लावलेली होती, आणि ती तिकडच्याच कुणा मुलाने काढून घेतली होती. शेवटच्या पानावर एक कुपन, ते आपल्या दुकानदाराला देऊन पुढच्या आठवड्याचा अंक राखून घ्या असं सांगणारं. डोंबिवलीत मी ते कापून दप्तरात ठेवत असे. कुणाला देणार होतो, देव जाणे.

मी मराठी शाळेतला. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून रविवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसायचात. आई मैद्याची खळ करून द्यायची. तुम्ही पांढऱ्या कागदाचे तुकडे कापताय, प्रत्येक संवादाच्या फुग्याच्या मापाचे, त्यांवर ऑफिसच्या पेनाने मराठी लिहिताय, आणि खळ लावून त्या चिठ्ठ्या फुग्यांवर चिकटवताय. तुमचं अक्षर इतकं बारीक आणि सरळ, की ते छापूनच आलंय असं वाटतं. मी शेजारी पालथा पडलोय. "थांब, वाळू दे," तुम्ही म्हणता, "हात लावलास की फिसकटेल." दिवसभर तिकिटं फाडणारा तो साधा कंडक्टर. धुकं उतरलं की त्याच्या अंगात शंभर माणसांचं बळ यायचं, आणि धुकं विरलं की ते जायचं. त्यामुळे ऊन पडायला लागलं की मी पान उलटायला टाळाटाळ करायचो. आणि तुमचा कंडक्टर बोलायचा तो अगदी आपल्या घरातल्यासारखा. बँक लुटणाऱ्याची मान पकडून तो म्हणायचा, "आधी रांगेत उभा राहा." 

मी बारा वर्षांचा झालो तेव्हा वरच्या मजल्यावर एक मुलगा राहायला आला. तो कॉन्व्हेंटमध्ये जायचा. एक अंक त्याने खिडकीपाशी उजेडात धरला आणि चिठ्ठीखालचं इंग्रजी वाचून तो हसायलाच लागला. "अरे, असं काही लिहिलंच नाहीये! तुझे वडील मनाचं लिहितात. त्यांना इंग्रजी येत नसणार." मी घरी आलो. आई बाजारात गेली होती. मोरीत परात ठेवून मी ती पाण्याने भरली आणि एकेक करून सगळे अंक तिच्यात बुडवले. चिठ्ठ्या सुटून वर येतील आणि खाली खरी गोष्ट सापडेल, असं मला वाटलं होतं. पण खळीने धरलेला कागद चिठ्ठीबरोबरच उचकटून आला आणि शाई पाण्यात उतरली. तुम्ही आलात तेव्हा मी लगद्यात हात घालून बसलो होतो. तुम्ही मारलं नाहीत. डबा खाली ठेवलात, एक चिठ्ठी बोटावर उचलून पाहिलीत आणि म्हणालात, "दोन्ही गेलं रे."

नंतर तुम्ही फक्त एकच अंक आणलात, आणि तो तसाच, चिठ्ठ्या न लावता. माझ्या वह्यांवर ठेवून म्हणालात, "आता तूच वाच. अडलं तर विचार." मी विचारलं नाही. राग तुमच्यावर होता की माझ्यावर, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर चार महिन्यांत तुम्ही गेलात. तेव्हा आईकडून कळलं, की वर्षभर शनिवारचा ओव्हरटाइम म्हणून तुम्ही परळच्या हॉस्पिटलात जात होता. माणसं येऊन बसली होती आणि मी तो अंक शोधत होतो. तो रद्दीत गेला होता.

तोच अंक त्या खोक्यात होता, बाबा. आणि त्याच्या आधीचेही सहा. मी सगळे घेतले आणि पुढच्या स्टेशनाला, सन्नोमियाला जाऊन कॉफीच्या दुकानात आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट इंग्रजीतून वाचली. एका चित्रात कंडक्टर छपरावर उभा आहे, खाली बस, बसच्या दारात एक लहान मुलगा. इंग्रजीत तो ओरडतो, "सावध! तो गॅसच्या टाकीमागे लपलाय!" तुमची चिठ्ठी मला तोंडपाठ आहे: "मला उशीर झाला तर जेवून घे. आईला त्रास देऊ नको." तेव्हा मी फक्त विचारलं होतं, "हा कंडक्टर त्या मुलाचा कोण लागतो?" तुम्ही पेन पुसत म्हणाला होता, "असेल कुणीतरी ओळखीचा." शेजारच्या टेबलावरची बाई माझ्याकडे बघून पुन्हा मान खाली घालून बसली. इथले लोक फार सभ्य आहेत.

शेवटच्या, म्हणजे तुम्ही चिठ्ठ्या न लावता दिलेल्या अंकात कंडक्टरचं काही होतच नाही. घाईघाईने तीन चित्रांत चोर पकडला जातो, बस धुक्यात शिरते, आणि खाली चौकटीत आनंदाची बातमी: पुढच्या आठवड्यापासून आपलं साप्ताहिक दुसऱ्या एका साप्ताहिकात सामील होतंय! बंद पडतंय असं कुणी लिहीत नाही. त्या दुसऱ्या साप्ताहिकात कोण कोण जाणार त्यांची यादी आहे. तिच्यात तो नाही.

तेव्हापासून एक चमत्कारिक गोष्ट होतेय. मला जपानी कळत नाही. स्टेशनवर, कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, काउंटरवरची मुलगी काहीतरी लांबलचक नम्र बोलते, आणि तिच्या तोंडाशी मला पांढरा कागद दिसतो, तुमच्या बारीक सरळ अक्षरातला. मी तो वाचायला जातो तोवर ती पिशवी पुढे करते. परवा प्लॅटफॉर्मवर असाच थांबलो आणि गाडी चुकली.

काल नात ते अंक घेऊन मांडीवर येऊन बसली. आठ वर्षांची आहे. मराठी समजतं, पण उत्तर जपानीत देते. छपरावरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, कोरे नानि?" म्हणजे हे काय आहे. मी तिला तुमचं वाक्य सांगितलं. तिने पुढच्या चित्रावर बोट ठेवलं. मग त्याच्या पुढच्या. मी सांगत गेलो, ती हसत गेली. मुलगी भांडी आवरता आवरता थांबून ऐकत होती. "बाबा, हे सगळं माझ्या आजोबांनी लिहिलेलं? एवढं लक्षात आहे तुमच्या?"

"हो," म्हणालो.

आता ती म्हणते, सगळं लिहून काढा, हिला पुढे वाचता येईल. म्हणून आज कागद घेऊन बसलो आणि त्यावर हे पत्र लिहिलं गेलं. हे कुठे टाकायचं नाहीये, त्यामुळे इथे सांगायला हरकत नाही. त्या छपरावरच्या ओळी सोडल्या तर तुमचं एकही वाक्य मला खात्रीने आठवत नाही. बाकीची सगळी मीच रचली.