महामेघ आणि अर्धी बाई

रविवार, २२ सप्टेंबर. संध्याकाळी ७

आज फोटो मिळाला. मिळाला म्हणजे काढला मीच, पण असे फोटो काढता येत नाहीत, ते मिळतात. (हे वाक्य भाषणात घ्यायचं.)

जागा: उजनीचं बॅकवॉटर, टेंभुर्णीच्या पुढे. वेळ दुपारी साडेतीन, त्याआधी दोन तास वाट बघितली. अर्धं आभाळ काळं, अर्धं घासलेल्या पितळेसारखं. खाली ऊस, पाणी, लांबवर मोटरपंपाची खोली. एक्केचाळीस फ्रेम घेतल्या. मध्येच एक बाई आली, हात हलवून काहीतरी ओरडत होती. बाजूला व्हायची खूण केली. कॅमेरा दिसला की लोकांना फोटोत यायचंच असतं. पाऊस सुरू व्हायच्या आत गाडीला किक मारली. मी टेंभुर्णीपर्यंत चिंब झालो, कॅमेरा मात्र पोटाशी कोरडा.

संकल्प: मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात यंदा पहिला नंबर. दुसरा मिळाला तर स्वीकारायचा नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर

ऑफिसातून आल्यावर फोटोवर काम. कॉन्ट्रास्ट वाढवला. ढग आणखी मागत होते, आणखी दिला. नाव ठरलं: 'महामेघ'.

महानंदाला दाखवला. तिने विचारलं, कुठे स्फोट झालाय का. बायको सिव्हिलमध्ये सिस्टर आहे, दिवसभर जखमा बघते, त्यामुळे सौंदर्यावर नजर बसायला वेळ लागतो. मग म्हणाली, कोपऱ्यात ही अर्धी बाई कोण? सांगितलं, ओरडत मध्येच आली होती, स्केलसाठी ठेवली. माणूस असला की निसर्ग किती मोठा ते कळतं. ती म्हणाली, मग पूर्ण घ्यायची की.

लॅपटॉप बंद केला. कलावंताने घरात वाद घालू नये.

शनिवार, २८ सप्टेंबर. रात्रीच्या जेवणाआधी

नवी पेठेत कापडाच्या दुकानावर आमच्या छायाचित्र मंडळाचा हॉल आहे. आज मासिक समीक्षा. अध्यक्ष सोमशेखर सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. फार हळू बोलतात, म्हणून लोकांना खोल वाटतात.

सरांनी काय करावं? वर्तमानपत्र घेतलं आणि माझ्या फोटोचा वरचा अर्धा भाग झाकला. विचारलं, आता काय उरलं? कोणीतरी म्हणालं, एक बाई, तीही निम्मी. मग पेपर खाली सरकवला आणि नुसते ढग दाखवले. म्हणाले, "ढग फार मोठ्यानं बोलतायत सरवदे. पण कोणाशी, ते कळत नाही."

इथवर ठीक. सहन केलं. पुढे म्हणाले, तुम्ही पाटबंधारे खात्यात ना? मग उजनीचं पाणी डावीकडे सांडतंय ते कसं दिसलं नाही?

सगळे हसले. चहावालासुद्धा.

मी खात्यात अनुरेखक आहे. तेवीस वर्षं धरणांचे नकाशे ट्रेस करतोय, एक रेघ हललेली नाही. क्षितिज तिरकं असेल तर जागेवरच तिरकं असणार.

संकल्प: १) मंडळाचा राजीनामा. २) सरांना चौदा मुद्द्यांचं लेखी उत्तर. ३) त्या हॉलचा जिना पुन्हा चढणे नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

चौदा मुद्द्यांपैकी तीन लिहून झाले. तिसरा मुद्दा पहिल्यासारखाच वाटतोय, पण जोर जास्त आहे.

राजीनामा लिहिला. अक्षर उत्तम आलं. दिला नाही, कारण प्रदर्शनात फक्त सभासदांचे फोटो घेतात. आतून लढायचं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

ऑफिसात लंचमध्ये प्रिंटवर सेटस्क्वेअर आणि प्रोट्रॅक्टर लावून क्षितिज मोजलं. अडीच अंश. म्हणजे सर अंदाजपंचे बोलले, अंश सांगता आला नाही त्यांना.

तिरकेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. आजच ठरवलं.

उद्या सुट्टी. पुन्हा तिथेच जायचं. आणखी मोठे ढग, क्षितिज सरळ, बाई नाही. सरांच्या पुढ्यात टाकायचा आणि एक शब्द बोलायचा नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर. संध्याकाळी ६

आभाळ कोरं. इतकं कोरं की धुऊन वाळत घातल्यासारखं. दीड तास थांबलो. एक ढग आला, तो उसाच्या गाडीएवढासुद्धा नव्हता.

ती बाई भेटली. नाव रंभाबाई. बॅकवॉटरला लागून रान आहे, शेजारीच पत्र्याचं घर. मला लांबूनच ओळखलं. म्हणाली, "तुमीच की त्या दिवशी टोपी घालून आलेलं. म्या हाका मारत हुते, ताडपत्रीचं एक टोक धरा म्हनून. वाऱ्यानं उडून निगाली हुती. तुमी हातानं सरा म्हनला, मग म्या सरले."

मी विचारलं, कसली ताडपत्री? अंगणात मका वाळत घातली होती. पोरगा मानसिंग कामावर, घरी ती एकटी. एका बाजूला दगड ठेवला की दुसरी बाजू उडायची. पाऊस आला, मका सगळी भिजली. काळी पडली, कोंब फुटले. आता म्हशींना घालते आहे.

हे सगळं तिने चुलीला फुंकर घालत सांगितलं, रागाने नाही. मला चहा दिला, साखर जास्त घालून. मग विचारलं, "मी हाय का त्यात, फोटूत?"

आहे म्हटलं. किती आहे ते सांगितलं नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

काल लिहिताना एक मुद्दा राहिला. वारा प्रचंड होता. अशा वाऱ्यात शब्द कळणं शास्त्रीयदृष्ट्या अवघड आहे. शिवाय मी व्ह्यूफाइंडरमध्ये होतो. त्यात डोकं घातलं की बाहेरचं जग राहत नाही, हे कोणताही फोटोग्राफर सांगेल.

आणि ताडपत्रीचं टोक धरल्याने मका वाचलीच असती असं नाही.

महानंदाला सगळं सांगितलं, वाऱ्यासकट. लसूण सोलत होती. म्हणाली, ती ओरडत होती हे तर तुम्हीच पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं. म्हटलं, ओरडणं दिसलं, ऐकू आलं नाही. ती पुन्हा लसूण सोलायला लागली. या घरात युक्तिवाद पूर्ण ऐकून घ्यायची पद्धत नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ११

बुद्धप्रिया कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी माझ्या लॅपटॉपवर बसली आणि सगळ्या एक्केचाळीस फ्रेम बघून काढल्या. मुलगी बीएस्सीला आहे, परवानगी मागायची पद्धत अजून शिकवलेली नाही.

सतरा नंबरच्या फ्रेमला थांबली. "पप्पा, हा का टाकून दिला?"

टाकला, कारण ढग कमी आलेत. रंभाबाई मधोमध, अख्खी. एक हात ताडपत्रीच्या कडेवर, दुसरा सरळ कॅमेऱ्याकडे लांब केलेला. पदर सुटलेला, तोंड उघडं. मागे ताडपत्री फुगून तिच्या दुप्पट झालीय आणि खाली पिवळीधमक मका. क्षितिज सरळ आहे, पण ते योगायोगाने.

बुद्धप्रिया म्हणाली, हाच फोटो आहे. मी तिला ढगांचं महत्त्व समजावलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "त्या तुमच्याकडेच बघतायत पप्पा."

कॅमेऱ्याकडे बघतायत, असं मी दुरुस्त केलं. माझ्याकडे आणि कॅमेऱ्याकडे यात फरक आहे. तांत्रिक आहे, तिला आता कळणार नाही.

दुपारी जेवणात मक्याची भाजी होती. मुद्दाम केली की बाजारात होती म्हणून केली, विचारलं नाही. दोन चपात्या चटणीशी खाल्ल्या.

बुधवार, ९ ऑक्टोबर

प्रवेशिका भरली. प्रत्येकी दोन फोटो चालतात. पहिला 'महामेघ', जसाच्या तसा, अडीच अंशांसकट. एक अंशही मागे हटलो नाही. दुसरी जागा मोकळी होती, तिथे बुद्धप्रियाने सतरा नंबर घातला. नाव सुचेना म्हणून तिने 'फ्रेम १७' एवढंच लिहिलं. मी चालू दिलं. शेजारी साधा फोटो असला की महामेघ उठून दिसेल.

उत्तराचे मुद्दे अजून तीनच आहेत. चौदा हा आकडाच जरा घाईत ठरला.

शनिवार, १२ ऑक्टोबर. विजयादशमी

सकाळी तिघेही पांढऱ्या कपड्यांत विहारात. वंदना झाली. गर्दीचे तीस-चाळीस फोटो काढले. एका म्हाताऱ्या बाईंना पायऱ्या चढायला हात हवा होता. मी कॅमेरा गळ्यात सोडून पुढे होईपर्यंत महानंदा तिथे पोचलेली. ती नेहमीच आधी पोचते, नोकरीची सवय आहे.

संकल्प: रंभाबाईला एक प्रिंट नेऊन द्यायची. कोणती, ते निकालानंतर बघू.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. दुपारी ४

सोमशेखर सरांचा फोन. पहिला नंबर. माझा.

मी शांतपणे म्हटलं, महामेघ ना? सर म्हणाले, नाही, दुसरा. महामेघ भिंतीवर लावलाय, जिन्याजवळ, तिथे जरा अंधार आहे म्हणून बरा दिसतो.

फ्रेम १७. आता मागे वळून बघितलं की कळतं, पहिल्यापासून माझा कल तिकडेच होता. महामेघ हा एक प्रयोग होता, लोकांना भडकवणारा. सर बरोबर भडकले.

घरी सांगितलं. बुद्धप्रियाने टाळी वाजवली. महानंदाने अभिनंदन केलं आणि विचारलं, त्या बाईंना बोलावलंय का? म्हटलं, वेळ फार कमी आहे, लांबचं अंतर. ती म्हणाली, गाडीवर तुम्हाला दीड तास लागतो.

भाषण तयार: १) असे फोटो काढता येत नाहीत, मिळतात. २) दोन तासांची प्रतीक्षा. ३) माणूस आणि निसर्गाचं नातं. ४) टीकाकारांना उत्तर, नाव न घेता, पण सरांकडे बघून.

प्रिंट नेऊन द्यायची पुढच्या रविवारी.

रविवार, २० ऑक्टोबर. संध्याकाळी ५

हॉल भरलेला. जिना चढलो. सतरा नंबर समोरच्या भिंतीवर मोठा करून लावलेला, दारातून आत आलं की आधी तोच. खुर्च्यांत बसलेले सगळे रंभाबाईच्या समोर होते. एवढ्या मोठ्या आकारात ती काय म्हणतेय ते जवळजवळ ऐकू येतं.

मला माईक दिला. पहिला मुद्दा चांगला झाला. दुसऱ्यात दोन तास थांबलो होतो हे सांगितलं, वारा सांगितला. लोकांनी माना हलवल्या. तिसऱ्या मुद्द्यावर आलो तेव्हा सोमशेखर सर नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "सरवदे, एक विचारू? मग पुढं काय झालं? ती कोणालातरी बोलावतेय. आलं का कोणी?"

टीका करत नव्हते. खरंच विचारत होते. सगळ्या हॉलला तेच विचारायचं होतं असं दिसलं.

शेजारचे लोक धावून आले, असं म्हणता आलं असतं. वाक्य तयार झालं होतं, पण ते टाकून दिलं. महानंदा दुसऱ्या रांगेत होती, पण तिच्यामुळे नाही. माझ्या मागे भिंतीवर रंभाबाई हात पुढे करून उभी होती, आणि मी माईक धरून.

म्हटलं, कोणी नाही आलं. तिथे मी एकटाच होतो. मी गाडीकडे पळालो, कॅमेरा भिजू नये म्हणून. मका भिजली.

माईक चालू होता, त्यामुळे हे मागच्या रांगेपर्यंत गेलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चौथा मुद्दा होता, तो घेतला नाही.

सरांनी प्रशस्तिपत्रक पुढे ओढलं, पेन उघडलं. 'फ्रेम १७' बरं दिसत नाही, फोटोला नाव काय देऊ, असं विचारलं. मी म्हटलं, त्यांचंच नाव द्या, रंभाबाई.

सर लिहायला लागले. विचारलं, आडनाव?

माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

सरांनी 'रंभाबाई' एवढंच लिहिलं आणि पुढे जागा मोकळी सोडली.