बिब्बा उतला नव्हता

बेलापूर

प्रिय आणि सध्या नको इतक्या काळजीत असलेल्या अवधूतास,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद काढला. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

झालं काय ते आधी नीट ऐक. बोरीचा काटा माझ्या टाचेत मोडला. आपली बनुबाई घरकाम करते खरी, पण गावातल्या निम्म्या टाचांवर उपचारही तीच करते. तिने बिब्बा तापवून चटका दिला आणि वर फडकं घट्ट आवळलं. पुढे ताप चढला, अंग लालबुंद झालं, तर म्हणाली, "बाई, बिब्बा उतलाय, अंगावर फुटलाय. दुसरं काय न्हाई. खोबरं लावू, त्योच उतारा." मग खोबरं पोटात आणि अंगावर, दोन्हीकडून. घरात वाटणापुरतंसुद्धा उरलं नाही. शेवटी मी उभ्याउभ्या कोसळले, तेव्हा तिनेच रिक्षा आणली आणि वाटभर मलाच रागावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बिब्बा वगैरे काही उतला नव्हता. बंद पट्टीखाली जंतू वाढले होते. फार नव्हते, पण त्यांचं विष भलतं. शरीरातल्या शिपाई पेशींनी शत्रूची ओळख पटवून मगच हात उचलायचा असतो. हे विष ओळखपाळख न होताच त्यांना एकदम उठवतं. मग त्या एकमेकींना चिथावतात, अंगभर दाह होतो, रक्तदाब कोसळतो. जंतूंपेक्षा आपलीच फौज जास्त नासधूस करते.

मला तर लगेच गेल्या वर्षीचा आपल्या गावातला कानिफनाथ आठवला. उसाच्या कडेला त्याने 'बिबट्या!' म्हणून आरोळी ठोकली. बघायला कोण थांबतंय? सगळं गाव काठ्या घेऊन उसात घुसलं. ऊस आडवा झाला, रामहरीचं डोकं आपल्याच माणसाच्या काठीने फुटलं, आणि बिबट्या म्हणजे राहीबाईची वाळत घातलेली ठिपक्यांची चादर. हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की सलाईन लावायचं थांबलं.

जखम साफ झाली, औषधं लागू पडली, मी घरी आले. आणि मग तू उठलास. आधी कॅमेरा आला, मग बोटाला लावायचं यंत्र, मग मुक्कामी नर्स. तुझ्या सांगण्यावरून पुण्याहून आत्या आली आणि आल्या आल्या तिची कंबर धरली. नर्स आता तिचीच सेवा करते. परवा मी कॅमेऱ्यात दिसले नाही, तर तू शेजारच्यांना भिंतीवरून आत उड्या मारायला लावल्यास. अरे, मी न्हाणीघरात होते!

मी चिडलेली नाही. बाबांच्या वेळी तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून मी साधी शिंकले तरी तू डॉक्टर शोधायला लागतोस, हे मला कळतं रे.

सोमवारी माझं सामान तुझ्याकडे बंगळुरूला न्यायला तू ठरवलेला टेम्पो नको म्हणून मी कळवलंय. त्यासाठीच हे पत्र. मी इथेच राहणार. बिब्बा बंद, हे बनुबाईकडूनही कबूल करून घेतलंय. तू मात्र ये. काही पाठवू नकोस, एकटाच ये. समोर बस, माझ्या कपाळाला हात लावून बघ. या वेळी तुला उशीर झालेला नाही, बाळा.

तुझीच,
आई