उजेडात एकदा व अंधारात एकदा तपासणी मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
दृष्टिदोष निर्धारण मंडळ,
कोल्हापूर.

अर्जदार : आकाराम केरबा चौगुले, लेथ कामगार, रा. गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

विषय : माझ्या अपत्याची नजर एकाच दिवशी उजेडात एकदा व अंधारात एकदा तपासून दोन्ही निष्कर्ष एकाच दाखल्यावर लिहून मिळणेबाबत.

संदर्भ : १) मंडळाचा शेरा : "उत्तरे परस्परविरोधी. बनाव असण्याची शक्यता."
२) माझे यापूर्वीचे अर्ज, जे आपल्या कार्यालयात कुठेतरी असतीलच.

महोदय,

१. माझी मुलगी शिवानी हिला जन्मापासून अंधुक उजेडात दिसत नाही. भर उन्हात ती पाटीवरची मोठी अक्षरे वाचत असे. दिवस कलला की तीच मुलगी भिंत धरून चालू लागे. शाहूपुरीतील डोळ्यांच्या डॉक्टर दीप्ती कांबळे यांनी रक्त तपासून सांगितले की, हा रक्तातून आलेला दोष आहे. माझी पत्नी संयोगिता ही माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करण्यात काही वावगे मानत नाहीत, उलट घरची पोर घरात आली म्हणून साखर वाटतात. आम्हा दोघांच्या अंगात तोच एक दोष होता, आम्हाला त्याचा त्रास नव्हता आणि पोरीला तो दोन्हीकडून मिळाला. माझी आई आक्का हिने हे मान्य केले नाही. "माझ्या भावाच्या घरातनं काय बी वंगाळ आलेलं न्हाय," असे ती डॉक्टरांना तोंडावर म्हणाली. रक्ताचा अहवाल आल्यापासून ती भावाच्या घरी गेलेली नाही आणि सुनेशीही नीट बोलत नाही. हे मंडळाच्या कामाचे नाही, तरी कळवले. बनाव करणाऱ्या घरात असे होत नसते.

२. डॉक्टरबाईंनी असेही सांगितले की, परदेशात याच दोषावर प्रयोग चालू आहेत. बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत निरुपद्रवी केलेल्या विषाणूत घालून डोळ्याच्या पडद्याखाली सोडतात. मला समजावे म्हणून त्या म्हणाल्या की, दिव्यात वात आहे पण तेल पोचत नाही, आणि वात जळून जाण्याआधी तेल घालायला हवे. त्यांनी तिकडे पत्र लिहिले. शिवानीचा विचार करू, असे उत्तर आले. अट एकच होती. मुलीला अजून किती दिसते याचा मान्यताप्राप्त मंडळाचा दाखला हवा.

३. त्याप्रमाणे आम्ही मंडळापुढे आलो. पहिली तपासणी व्हरांड्यात उन्हात झाली. शिवानीने बोटे बरोबर मोजली आणि शिपायाच्या टोपीचा रंगही सांगितला. नजर ठीक असल्याचे लिहिले गेले. डॉक्टरबाईंनी हरकत घेतल्यावर दुसरी तपासणी आतल्या खोलीत ठरली. त्या वेळी भारनियमन चालू होते. साहेबांनी बोटे किती असे विचारले, तर पोरीला साहेबच दिसेनात. ती म्हणाली, "लाईट आल्यावर इचारा की. मग सांगतो." खोलीत सगळे हसले. मीही हसलो. नंतर कागद हातात आला, त्यावर बनाव असे लिहिले होते. महोदय, तिला जो आजार आहे त्याचे लक्षणच हे आहे, आणि तेच तिच्यावर आळ म्हणून आले.

४. शेरा काढून टाकावा म्हणून मी अर्ज केला. आपल्या कार्यालयाने कळवले की, त्या वेळी वीज नव्हती याचा पुरावा आणावा. मी वीज कार्यालयात गेलो. तेथील साहेबांनी सांगितले की, वीज होती असा दाखला मिळेल, नव्हती असा देण्याची तरतूद नाही. मी परत मंडळाकडे आलो. मुद्दाम अंधार करून तपासा, अशी हात जोडून विनंती केली. तपासणी पुरेशा उजेडातच घ्यावी असा नियम असल्याचे उत्तर मिळाले. जो आजार अंधारात कळतो तो उजेडातच तपासायचा, ही अक्कल ज्या कोणाची असेल त्याला माझा कोपरापासून नमस्कार सांगावा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही म्हण आता आमच्या घरात कोणी काढत नाही, म्हणून इथे लिहून घेतो.

५. यात पावसाळा गेला, उन्हाळा गेला आणि पुन्हा पावसाळा आला. प्रत्येक वेळी खाडा करून मी मुलीला घेऊन बाकावर बसलो. तिची वाचायची अक्षरे मोठी मोठी होत गेली. मग पाटी सुटली.

६. गणपती उठल्यानंतरची गोष्ट आहे. आम्ही जेवायला बसलो होतो. घरात दोन्ही ट्यूब चालू होत्या. शिवानी ताटात हात फिरवत म्हणाली, "आण्णा, लाईट कवा येणार?" तिच्या आईने उत्तर दिले, "येईल की, जेव तू." डॉक्टरबाईंनी तपासून सांगितले की, पडदा सुकला आहे आणि आता तिला प्रयोगात घेणार नाहीत. हे सांगताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते. त्यामुळे मंडळाची अडचण संपली आहे. यापुढे शिवानीला कधीही बोलवा, तिची उत्तरे सारखीच येतील.

७. म्हणून हा अर्ज शिवानीसाठी नाही. माझा मुलगा आदर्श एक वर्षाचा आहे. तो दिव्याकडे तोंड करून मुठी डोळ्यांत दाबतो. शिवानी लहानपणी असेच करत असे आणि आक्का कौतुकाने बघत असे. आता आक्काच त्याचे हात धरून बाजूला करते आणि रडते. त्याचेही रक्त तपासले. दोष तोच आहे. डॉक्टरबाई पुन्हा पत्र लिहिणार आहेत. परंतु आपल्या कारकुनांनी मला सांगितले की, एका घरावर बनावाचा शेरा असल्यास दुसरे प्रकरण चौकशीशिवाय घेता येत नाही, आणि चौकशीला वेळ लागतो.

तरी विनंती की, चौकशी माझी करावी, ती कितीही वर्षे चालू द्यावी आणि काय शिक्षा द्यायची ती मला द्यावी. तोवर पोराला तपासून घ्यावे. त्याला अजून बोलता येत नाही, त्यामुळे तो परस्परविरोधी उत्तर देऊ शकणार नाही.

आपला, राग आवरून नम्र,
(सही)
आकाराम केरबा चौगुले
कोल्हापूर, दि. १२ ऑक्टोबर २००९

सोबत : आदर्शच्या रक्ततपासणीची प्रत, डॉ. कांबळे यांचे पत्र.