बोटीत पाणी भरून पाहिलं

बाबा, गेल्या रविवारी मी नागपूरहून एक शिडाची बोट आणली. दोन हात लांब, शर्यतीची. काठावर उभं राहून हातातल्या पेटीच्या दांड्या हलवल्या की रेडिओवर तिचं सुकाणू वळतं, शीड सैल-घट्ट होतं. त्रेचाळीस वर्षांच्या, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसानं ती का घ्यावी, याचं उत्तर मी डायरीत तीनदा लिहून तीनदा खोडलं. वर्गात दाखवायला, असं घरी सांगितलं. ते पूर्ण खरं नाही.

विकणारे गृहस्थ परदेशात राहून आलेले. त्यांच्याकडे दोन बोटी होत्या. एक लालभडक, उंच डोलकाठीची, आरशासारखी. दुसरी पिवळी, रंग उडालेली, तळाशी शिशाचं वजन. माझ्या नजरेवर माझा विश्वास नाही, म्हणून सोबत वाढईकाकांना नेलं होतं. माणसं नदीपार नेणारा आपला डोंगा घडवणारे सुतार तेच. आता थकलेत, साकोलीला मुलाकडे असतात. लाल बोट हातातून सोडवेना, आणि त्याचीच भीती वाटून मी एक बादली पाणी मागितलं. आतली यंत्रं काढून दोन्ही बोटी काठोकाठ भरल्या. गृहस्थ हसले. "अहो सर, पाणी बोटीच्या बाहेर असतं!"

तुमची रीत त्यांना काय सांगणार? नवा डोंगा नदीत घालण्याआधी काठावर ओंडक्यांवर ठेवायचा, सकाळी पाण्यानं भरायचा आणि सांजेपर्यंत बाहेरून कुठं घाम फुटतो ते पाहायचं. "डोयानं नाही पोरा, तळहातानं पाह्य." कारधा गावाच्या खाली, नदीवरच्या आपल्या घाटावर, मॅट्रिकच्या वर्षी, ते काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मी दिवसभर जांभळाखाली पुस्तक वाचत बसलो. एक घागरही ओतली नाही. सांजेला म्हणालो, "भरलं होतं बाबा. कुठंच गळत नाही." दुसऱ्या दिवशी मधल्या धारेत पाणी घोट्यापर्यंत चढलं. तुम्ही डोंगा रेटायचा बांबू माझ्या हाती देता, लोट्यानं उपसत राहता, बाया ओरडताहेत. पलीकडे उतरताना एक म्हातारी म्हणाली, "पुढच्या बारीले आमाले पोहूनच येऊ दे गा!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला एका शब्दानं बोलला नाहीत. त्याच महिन्यात काका साकोलीला राहायला गेले, आणि मी धरून चाललो की तुम्ही त्यांच्या कामाला नावं ठेवलीत, तुमची दोस्ती माझ्या खोट्यापायी तुटली. तुम्ही हे जग सोडून जाईपर्यंत विचारायचं धैर्य झालं नाही.

लाल बोटीच्या तळाच्या सांध्यावर थेंब दिसू लागले. पिवळी कोरडी. काका खो-खो हसले. "आत्ता भरून राहिला होय? तवा काहून नाही भरलं बे?"

माझा हात थांबला. "तुमाले मालूम होतं काका?"

"तुया बापानंच सांगतलं. पाणी तं घोट्यापर्यंतच चढलं होतं. वर डोंग्याच्या काठाच्या खोबणीत माह्या करवतीचा भुसा कोरडाच होता, काठोकाठ भरला असता तं भिजला नसता का? तो मुठीत घेऊन माह्याकडे आला. म्हणे, गड्या, नवा डोंगा गळतेच, तुयी खोट नाही. पोरगा बसून राहिला दिवसभर."

"मग मले काहून नाही बोलले?"

"मी म्हटलं, कान पिळ त्याचा. तं म्हणे, तो सोताच सांगन, तवा सांगन."

"अन् तुमी साकोलीले?"

"काम भेटलं, गेलो. तुले काय वाटलं?"

इतक्या वर्षांनी पाठीवरचं पोतं उतरल्यासारखं झालं. परतीच्या बसमध्ये मांडीवर पिवळी बोट घेऊन मी उगाचच हसत होतो. काल ती साकोलीच्या तलावात सोडली. वाऱ्यानं एका कुशीवर कलली, सरळ झाली, आणि माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर काठाला परत आली. झाकण काढून आत तळहात फिरवला. कोरडी.

बाबा, तेव्हा मी पाणी भरलं नव्हतं. हे ऐकायला तुम्ही शेवटपर्यंत थांबलात, आणि मी हा कागद आता डायरीतच ठेवणार. आणखी एक. या वेळीही सांजेपर्यंत थांबलो नाही. बस चुकली असती, म्हणून अर्ध्या तासात दोन्ही बोटी उपड्या केल्या.