चार बैलांची मोट

श्रावण शु. ९, शके १८२७. वाशीम.
सकाळी शिरस्तेदारांकडे भाजी घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "आज नको रे सदाशिव, चूल मोडली." आत पोती, दोरखंड, उलट्या घातलेल्या घागरी. जिल्हा अकोल्याला गेला. आपल्याकडे तालुका तेवढा राहिला, म्हणजे जेवून उठलेल्या पंगतीतलं मीठ. कचेरीपुढे गाड्यांची रांग लागलेली, दप्तराचे लाल बस्ते भरतायत, वर ताडपत्री, खाली चिखल. मालेगावच्या रस्त्याला दोन गाड्या रुतल्याही म्हणे. बरं झालं. रुतू देत.
भाजी घरी परत आणली. अशी वेळ प्रथमच आली.

श्रावण व. २
बाजारात जो तो सांगतो, दिवाळीपर्यंत कचेरी परत येते. कुणी सांगितलं विचारलं तर दुसऱ्याकडे बोट. पण मलाही ते खरं वाटतंय, खोटं कशाला लिहू. फुलकोबीची रोपं तरारली आहेत. बी पुण्याहून आणलेलं. फुलकोबी साहेबाच्या बंगल्यावर आणि वकिलांच्या घरीच खपते, बाकी कुणी ओळखतसुद्धा नाही.
किसनदादा बांधावर येऊन उभा. रोपं पाहून म्हणाला, "खानारे गेले ना बाप्पा. लावतं कोनासाठी?"
मी म्हटलं, येतील.
"येतीन तवा येतीन. तवर कोन खाईन, तू?"
थोरला चुलतभाऊ. मळा शेजारीच त्याचा.

भाद्रपद शु. ६
फुलकोबी लावली. सगळी. कि.दा.ने मिरची आणि कांदा. त्याचं म्हणणं, आता गिऱ्हाईक म्हणजे खेड्यावरचा कुणबी, आणि तो भाजी विकत घेत नाही, त्याच्या धुऱ्यावर, बांधावरच असते. त्याला मिरची लागते, कांदा लागतो, लसूण लागतो. शिवाय मिरची वाळते, थांबते. फुलकोबी थांबत नाही.
हे सगळं बरोबर असेल. पण माणसानं इतक्या लवकर बरोबर असू नये.

आश्विन शु. १०
दसरा. सोनं द्यायला कचेरीमागच्या आळीत गेलो, सवयीनं. पाच दारांना कुलपं. सहाव्या दारात एक म्हातारा रखवालदार. त्यालाच सोनं दिलं, पाया पडलो. तो बावरला. परत येताना अंधारून आलं. नगरपालिकेचा दिवेवाला एक खांब सोडून एक पेटवत चाललेला. म्हणाला, "तेल तेवढंच देते. अन् इकडे येते कोन जी?"
शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसवली. कचेरीपाशी न्हाव्यांची रांग असे, आता एकच उरला. तोही निवांत असतो. दाढी करताना सगळ्या गावाच्या बातम्या सांगतो, सोडत नाही.

कार्तिक शु. ३
दिवाळी झाली. कचेरी आली नाही.
आजपासून मोट. विहीर आमची दोघांची, खोल, म्हणून मोट मोठी. चार बैलांशिवाय हलत नाही. दोन त्याचे, दोन माझे. एक दिवस पाणी त्याच्या मळ्यात, एक दिवस माझ्या. बैल मात्र चारही रोज. आजोबांच्या वेळेपासूनचा जोड. भांडणं झाली, बोलणं बंद झालं, एका वर्षी तर कि.दा. आणि माझे वडील एकमेकांकडे पाठ करून मोट हाकत. पण हाकत.
मोटेवर कि.दा. गातो. आवाज फाटका. मला ते गाणं पाठ आहे आणि नकोसंही झालंय.

कार्तिक व. ११
गोदीच्या भावाचा निरोप, गाडीवानाच्या तोंडून. मेव्हणा इंझोरीचं शेत भावाला सोपवून अकोल्याला गेला, तिथं भाजीचं दुकान मांडलं. म्हणतो, "इकडे सायेब लोकाईची रांग लागून राह्यली. दाजी तिकडे काय माशा मारून राह्यले?"
गोदी हसली. मी नाही हसलो. माशाच मारतोय.

मार्गशीर्ष शु. ८
फुलकोबी तयार. पांढरीशुभ्र, घट्ट, अशी मला कधी साधली नव्हती. बाजारात मांडून बसलो. एक कुणबीण आली, हातात घेऊन फिरवून पाहिली, वास घेतला. "काय जी बाप्पा, हे देवाले वाह्यचं का?"
म्हटलं, भाजी आहे, खायची.
"फूल खाचं?" आणि सोबतिणीला कोपराने ढोसून दोघी खिदळत गेल्या.
पलीकडे कि.दा.च्या कांद्यापुढे गर्दी. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर भांडलो असतो.

मार्गशीर्ष शु. ११. मालेगाव मुक्काम.
गाडी भरून अकोल्याला निघालो. ओल्या गोणपाटाखाली फुलकोबी. मळ्याची पाळी कि.दा.वर टाकून आलो, मोटेला माझे बैल तिथंच ठेवून. गाडीला भाड्याची जोडी. तो एवढंच म्हणाला, "जाय. पानी मी देतो."

मार्गशीर्ष शु. १५. अकोला.
हातोहात गेली. दुपारपर्यंत पाटी रिकामी. आणि शिरस्तेदारांच्या बाई भेटल्या! "अगंबाई, सदाशिव!" इतक्या मोठ्यानं की लोक वळून पाहू लागले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग तीच घासाघीस, तीच वर कोथिंबीर फुकट मागणं. मला इतकं बरं वाटलं की कोथिंबीर नव्हती याचंच वाईट वाटलं.
मेव्हण्यानं मोर्णा नदीकाठचा एक मळा दाखवला. मालक बटईनं, म्हणजे निम्म्या पिकावर, द्यायला तयार, पाडव्यापासून. काळी माती, पाणी जवळ, दोन बैलांत भागतं. मालक म्हणाला, सांगा. मी म्हटलं, सांगतो.
इथले माळी बाजारात जागा देत नाहीत पण. आज मेव्हण्याच्या ओट्यावर बसलो. एक जण ओरडला, "वाशीमचे आले रे, जिल्ह्याच्या मागं मागं!" झोंबलं.

पौष शु. ४
घरी. कि.दा.ला काही सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. फक्त म्हणाला, "तुया लाल्या बैल उजवीकडे वढते, खांदा पाह्य त्याचा." पाहिला. सुजला होता. त्यानं हळद लावून ठेवली होती.
मी गेलो तर त्याचा मळा वाळणार. दोन बैलांनी ती मोट निघत नाही. हे त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, बैलांनाही असेल.

पौष व. १
गाव सवय करून घेतंय. मला राग येतो त्याचा. कचेरीपाशी भरायचा तो भाजीबाजार मोडून जुन्या बाजारात मिसळला. वकिलाच्या ओसरीत कापसाचे गठ्ठे. खाणावळवाल्यानं ताटं मोडून टाकली, आता सरकी विकतो. आणि कि.दा.! कुलपं लागलेल्या घरांच्या परसात सांबार पेरलाय, म्हणजे कोथिंबीर. रखवालदाराला सांगितलं, झाडून स्वच्छ ठेवतो, वापरू द्या. शिरस्तेदारांच्या तुळशीपाशी हिरवंगार झालंय. जिथं मी दारात उभा राहून "भाजी" म्हणायचो, तिथं भाजीच उगवते.
कुणाला काही वाटत कसं नाही?

माघ शु. ७
गोदीनं वहिनीला, किसनदादाच्या बायकोला, अकोल्याच्या मळ्याचं सांगून टाकलं. विहिरीवर धुणं धुताना. मी चिडलो तर म्हणते, "मंग काय जी, सामान बांधल्यावर सांगाचं व्हतं?" तिला जायचंय का राहायचंय विचारलं. "मले विचारता? तुमी आधी सोताले विचारा. दोन घरचा पाहुना उपाशी मरते, आयकलं नाई का?"
म्हणजे कि.दा.ला कळलं. तरी मोटेवर तेच गाणं. आज तो चुकीच्या जागी थांबला, एवढंच.

माघ व. ९
कि.दा.चं अंगण लाल. मिरची वाळतेय, रस्त्यावरून जाणारा शिंकतो. मालेगावचा व्यापारी येऊन बघून गेला. वहिनीनं आमच्याकडे वर्षाची मिरची पाठवली, न मागता. गोदीनं घेतली. मला जेवताना ठसका लागला, मिरचीचाच असेल.

फाल्गुन शु. १५
होळी. आमच्यात रीत आहे. विहिरीचा जोड मोडायचा असेल तर होळीच्या आत तोंडानं सांगायचं, म्हणजे दुसऱ्याला पाडव्यापर्यंत बैलांची, माणसाची सोय बघता येते. नाही सांगितलं तर जोड कायम.
सकाळपासून सांगतो सांगतो म्हणत होतो. काय सांगायचं तेच ठरलं नव्हतं. रात्र सरली की अकोला, दुपार झाली की वाशीम. पोरं खेळतात ना, तळ्यात मळ्यात, तसं. होळीपाशी कि.दा. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ. नारळ टाकला, प्रदक्षिणा घातली, पुन्हा येऊन उभा. मी बोंब मारली सगळ्यांसारखी. बोललो नाही.
गेला तो.

फाल्गुन व. १
गाडीवान अकोल्याला जायला निघाला होता. त्याच्याजवळ सांगून पाठवलं, येतो, पाडव्याला गाडी पाठवा.
कि.दा.ला न सांगता. रीतीनं पाहिलं तर मी राहतोय. शब्दानं पाहिलं तर जातोय.

फाल्गुन व. ५
आज काय पाहिलं! विहिरीवर गेलो तर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर मोट उपडी, आणि लहान. कापलेली. नवी शिवण, तेल लावलेलं कातडं, आमच्या जुन्या मोटेच्या निम्मी. उरलेलं कातडं गुंडाळून बाजूला ठेवलेलं.
माझं डोकं फिरलं. ओरडलो. "अर्धी मोट माझी हाय! कोनाले इचारून कापली?" मीही त्याच्यासारखाच बोलायला लागलो, रागात असंच होतं.
तो मोटेचा नाडा वळत बसला होता. उठला नाही. "कोनाले इचारू? तुले? तू बोलतं कुठं?"
"म्हून कापाची?"
"होळीले तुयाजवळ उभा राह्यलो. दोनदा. तुया तोंडातून निंगेना. तुये बैल गेले तं ही मोट विहिरीतच राह्यते. आता बैल कुठून आनू मी? बैल वाढवता येत नाईत, म्हून मोट लहान केली." मग नाड्याला पीळ देत, "दोन बैल वढतीन आता. तू गेला तं माये. राह्यला तं तुये बी, तुया दिवशी. कोनाचं कोनावाचून अडनार नाई."
वहिनी बांधावर उभी होती. पदर डोळ्याला.
घरी येऊन आडवा झालो.

फाल्गुन व. ६
माझी पाळी. कि.दा.चे बैल आले नाहीत. एकट्यानं माझी जोडी जुंपली. मोट सुरकन वर आली, बैल धावेच्या उतारावरून जवळजवळ पळतच गेले, हलकी ना. पाणीही तेवढंच. दिवस मावळेतो निम्मे वाफे भिजले. उरलेले कोरडे.
निम्मा मळा भागतो म्हणजे. गावही असंच निम्म्यात भागवतंय. दिवे निम्मे, शाळा निम्मी. मला वाटत होतं मी गेलो तर किसनदादाचा मळा बुडेल, म्हणून मी अडकलोय. बरं होतं ते. निदान काहीतरी माझ्यावर टेकलेलं होतं. आता सुटलोय आणि जीव नुसता तुटतोय. माझ्यावाचून चालतं, हे मला सहन होत नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर एव्हाना अकोल्याला पोचलो असतो.

फाल्गुन व. १०
चार दिवस बोलणं नाही. मोटेवर एकटा गाऊन पाहिलं. त्याचंच गाणं निघालं. थांबलो.
कोरड्या वाफ्यांत काही लावायचं तर कांद्याचं रोप घालायला हवं. पण लावणार कोण आणि काढणार कोण. विचारच का करतोय मी?

फाल्गुन व. ३०
उद्या पाडवा. गाडी आजच आली. गाडीवान ओसरीवर चिलीम ओढत बसलाय, म्हणतो, "मेव्हनेबुवा वाट पाहून राह्यले. थंडाव्यात निंगू." गोदीनं बोचकी बांधली. तवा हातात घेऊन उभी, "हा बांधू का ठेवू?" म्हटलं, "आधी भाकरी तर टाक." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर आलो.
आज किसनदादाची पाळी. विहिरीवर चाक वाजायला लागलं. हलक्या मोटेचा आवाज वेगळा, बारीक. गोठ्यात माझी जोडी बसली होती, वैरण पुढ्यात. चाक वाजलं तसे दोघेही उठून उभे राहिले. विहिरीकडे तोंड करून, कान टवकारून. आज त्यांना कुणी बोलावलेलं नाही. त्यांना कोण सांगणार.
बघवेना. गेलो आणि दावी सोडली. दोघेही अंगणात मोकळे उभे आहेत, आणि मी हे लिहीत बसलोय. एका अंगाला गाडी, दुसऱ्या अंगाला विहिरीची वाट. गोदी दारातून विचारतेय, "सोडले तं खरे. कुठं नेता जी?"